सेव्हन ट्रेनच्या काठचा शेजार

न्यूयॉर्कमध्ये नोकरी मिळालेल्या मराठी माणसाला पहिला सल्ला मिळतो तो न्यू जर्सीचा. एडिसनला घर घ्या, तिथे आपली माणसे आहेत, आपला किराणा मिळतो, गणपतीत आरतीला गर्दी असते आणि गाडी लावायला जागा असते, असे आम्हालाही अनेकांनी आपुलकीने सांगितले. त्यात खोटे काहीच नव्हते. परंतु आम्हा दोघांना गाडी न बाळगता राहायचे होते, आणि इतक्या लांब येऊन पुन्हा केवळ आपल्याच माणसांत राहण्यात मला स्वतःला फारसा रस नव्हता. म्हणून आम्ही क्वीन्समध्ये घर शोधायला लागलो.

क्वीन्स हा न्यूयॉर्कच्या पाच बरोंपैकी, म्हणजे शहराच्या पाच मोठ्या विभागांपैकी, क्षेत्रफळाने सर्वांत मोठा बरो असून तो १८९८ मध्ये शहरात विलीन झाला. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या २४ लाख आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मे लोक अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. हे आकडे वाचले की सगळे जग एकाच चौकात उभे असल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात मात्र घर शोधणाऱ्याला क्वीन्स असे काही भेटतच नाही. भेटतात त्या वस्त्या. टपालाच्या पत्त्यावरदेखील कोणी क्वीन्स लिहीत नाही, तर फ्लशिंग, अस्टोरिया, वुडसाइड अशीच नावे लिहितात.

या वस्त्या पाहण्यासाठी शहराच्या मेट्रोची सेव्हन ट्रेन सर्वांत सोयीची, कारण मॅनहॅटनमधून फ्लशिंगकडे जाताना ती क्वीन्समध्ये बहुतांश अंतर रस्त्याच्या वरून, खांबांवर उभारलेल्या मार्गाने जाते आणि वस्ती बदलल्याचे खिडकीतूनच कळते. सनीसाइडला १९२० च्या दशकात बांधलेली विटांची घरे आणि त्यांच्यामधली सामाईक अंगणे आहेत. वुडसाइडला ६९व्या स्ट्रीटच्या स्टेशनाखाली फिलिपिनो बेकऱ्या आणि खानावळी लागतात, कोरोनात इक्वेडोर आणि मेक्सिकोहून आलेली कुटुंबे भेटतात, तर शेवटच्या स्टेशनावर उतरले की पाट्या चिनी आणि कोरियन होतात. या मार्गापासून दूर असलेल्या रिचमंड हिललाही आम्ही जाऊन आलो. तिथे गयाना आणि त्रिनिदादहून आलेले भारतीय वंशाचे लोक आणि पंजाबी कुटुंबे शेजारीशेजारी राहतात, आणि ती वस्ती मला फार आवडली. पण तिथून ऑफिसला पोहोचण्यात सकाळ संपली असती.

घराच्या आधी वस्ती पाहायची, असा माझा हट्ट होता. कामाच्या दिवशी संध्याकाळी गाडीतून उतरणाऱ्या गर्दीबरोबर चालत जावे आणि रविवारी सकाळी पुन्हा तिथेच यावे, म्हणजे जाहिरातीतल्या छायाचित्रांत न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: म्हातारी माणसे बाकावर बसतात की घरातच राहतात, भाजीचे दुकान किती वाजेपर्यंत उघडे असते, लाँड्रीत माणसे एकमेकांशी बोलतात की नुसती मोबाइलमध्ये पाहतात. नवऱ्याला हा सगळा प्रकार वेळखाऊ वाटला, आणि त्याचे बरोबरही असेल. तरी भिंतींचा रंग नंतर बदलता येतो, स्टेशनापासून घरापर्यंतचा रात्रीचा रस्ता बदलता येत नाही.

अखेर मन बसले ते जॅक्सन हाइट्सवर. बाहेरच्या भारतीयाला ही वस्ती ७४व्या स्ट्रीटमुळे माहीत असते, म्हणजे साड्या, सोने, मसाले आणि मिठाई यांची गजबज. परंतु तिला भारतीय वस्ती म्हणणे आता अपुरे आहे. जवळच्या ३७व्या रोडचा एक तुकडा वाहनांना बंद करून केलेल्या डायव्हर्सिटी प्लाझामध्ये उभे राहिले तर कानांवर मुख्यतः बंगाली पडते, कारण इथे बांगलादेशी लोक मोठ्या संख्येने आहेत. दोन पावलांवर नेपाळी आणि तिबेटी मोमोंची दुकाने आहेत, आणि रूझवेल्ट अव्हेन्यूवर कोलंबियन बेकऱ्या सुरू झाल्या की पुढे सगळीकडे स्पॅनिश. मराठी मात्र अगदी क्वचित ऐकू येते. मला त्यात एक मोकळेपणा वाटला. ज्या वस्तीत कोणताही एक गट बहुसंख्य नाही, तिथे नव्याने आलेल्याला कोणाच्या घरात पाहुणा म्हणून राहावे लागत नाही, आणि आपण इथले आहोत हे सिद्धही करावे लागत नाही.

ही वस्ती उभारली गेली ती मात्र नेमक्या उलट हेतूने. क्वीन्सबरो पूल १९०९ मध्ये खुला झाल्यावर एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने येथील शेतजमिनी विकत घेतल्या, १९१७ मध्ये रेल्वे येऊन पोहोचली, आणि मॅनहॅटनमधील सुस्थितीतल्या लोकांसाठी चार रस्त्यांमधल्या संपूर्ण ब्लॉकच्या पोटात बाग ठेवणाऱ्या इमारती बांधल्या गेल्या. याच कंपनीने १९२२ मध्ये आपल्या घरांची जी जाहिरात रेडिओवर दिली, तिचा उल्लेख पैसे मोजून केलेली पहिली रेडिओ जाहिरात असा होतो. ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना या घरांत प्रवेश नव्हता. १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा रद्द झाला, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतून माणसे येऊ लागली, आणि ज्यांना बाहेर ठेवण्यासाठी इतकी काळजी घेतली होती त्यांच्याहून कितीतरी वेगळ्या लोकांनी ती घरे भरली. आज हा भाग वारसा क्षेत्र म्हणून संरक्षित आहे. तो दर्जा त्याला १९९३ मध्ये मिळाला. (स्क्रॅबल या खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स हेही इथेच राहत, म्हणून ३५व्या अव्हेन्यूच्या एका पाटीवर प्रत्येक अक्षराखाली त्याचे गुण लिहिलेले आहेत. पाहुण्यांना मी ती पाटी अगत्याने दाखवते.)

वस्ती ठरली तरी घर मिळणे वेगळेच असते. येथील बहुतेक घरमालक महिन्याच्या भाड्याच्या ४० पट वार्षिक उत्पन्न मागतात, म्हणजे भाडे २,५०० डॉलर असेल तर उत्पन्न १ लाख डॉलर हवे. तेवढे नसेल तर जामीनदार लागतो आणि त्याच्याकडून साधारण ८० पट उत्पन्नाची अपेक्षा असते. देशात नुकत्याच आलेल्या माणसाचा क्रेडिटचा इतिहास कोरा असतो, त्यामुळे भारतातल्या बँकेत कितीही शिल्लक असली तरी तिचा फारसा उपयोग होत नाही. आमच्या वेळी दलालीही भाडेकरूलाच द्यावी लागत असे, आणि ज्याने आम्हाला फक्त दार उघडून दिले अशा एका दलालाला दिलेली रक्कम मला आजही टोचते. जून २०२५ पासून मात्र ज्याने दलाल नेमला त्यानेच दलाली द्यायची, असा नियम झाला आहे. अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही आणि अर्जाच्या तपासणीसाठी २० डॉलरपेक्षा जास्त शुल्क लावता येत नाही, हे २०१९ पासून कायद्यात आहे. ते माहीत असल्याचे बोलण्यातून सहज जाणवू दिले, तरी समोरच्याचा सूर बदलतो.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे भाडेनियंत्रणाखालील घर. सहा किंवा अधिक घरे असलेल्या आणि १९७४ पूर्वी बांधलेल्या अनेक इमारतींतील घरे या व्यवस्थेत येतात. तिथे दरवर्षीची वाढ शहराचे मंडळ ठरवते आणि भाडेकरूला करार वाढवून मिळण्याचा हक्क असतो. जाहिरातीत ही गोष्ट बऱ्याचदा लिहिलेली नसते, तेव्हा आपणच विचारावे, आणि घर घेतल्यावर राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडून त्या घराच्या भाड्याचा इतिहास मागवून घ्यावा.

तळघरातली स्वस्त घरे आम्हीही पाहिली. एक घर नीटनेटके होते, भाडेही खिशाला परवडणारे होते, परंतु बाहेर पडायला एकच अरुंद जिना होता. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री इडा वादळाच्या पावसाने शहरात १३ जणांचा बळी घेतला, त्यांतील बहुतेक जण तळघरांतल्या घरांत होते आणि ही घरे मुख्यतः क्वीन्समधलीच होती. अशा घरांत आजही असंख्य कुटुंबे राहतात, कारण त्यांना दुसरे परवडत नाही. आम्हाला "नाही" म्हणता आले, हा केवळ पगाराचा भाग.

आम्हाला मिळालेले घर चौथ्या मजल्यावर आहे, एका खोलीचे, १९३० च्या दशकातल्या इमारतीत. पत्ता समजून घ्यायलाच थोडा वेळ गेला. इथे घरक्रमांकात मधे एक आडवी रेघ असते आणि तिच्या आधीचा आकडा जवळच्या आडव्या रस्त्याचा असतो, ही पद्धत मोठी शहाणपणाची. परंतु ३७वा अव्हेन्यू, ३७वा रोड आणि ३७वा ड्राइव्ह हे तीन वेगळे रस्ते असल्याने पहिल्या काही महिन्यांत आमची पार्सले वस्तीभर फिरून आली. विमानतळ जवळ असल्यामुळे विमानांचा आवाज येतो, आणि रूझवेल्ट अव्हेन्यूच्या जवळची घरे स्वस्त का असतात हे गाडी डोक्यावरून गेली की लगेच समजते.

शेजार जुळला तो हिवाळ्यात. ऑक्टोबर ते मे या काळात बाहेर थंडी असताना दिवसा घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट (२० अंश सेल्सिअस) तापमान राखणे मालकाला बंधनकारक आहे, आणि आमचे रेडिएटर थंडगार पडले होते. समोरच्या कोलंबियन आजींनी दार वाजवून, निम्म्या खुणांनी, शहराच्या ३११ या तक्रार क्रमांकावर प्रत्येक घरातून स्वतंत्र तक्रार गेली पाहिजे हे समजावले. खालच्या मजल्यावरच्या बांगलादेशी काकांनी सगळ्यांच्या तापमानाच्या नोंदी एका वहीत लिहिल्या. त्या आठवड्यात जेवढ्या शेजाऱ्यांची नावे कळली, तेवढी आधीच्या सगळ्या महिन्यांत कळली नव्हती. आता आजी आमच्या घरची चकली मागून नेतात, आणि काका मला हिंदीत बोलताना हमखास "दीदी" म्हणतात, जरी ते वयाने माझ्या वडिलांएवढे आहेत. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, वाहनांना बंद केलेला ३४वा अव्हेन्यू अजूनही दिवसाचा बराच वेळ माणसांसाठी मोकळा असतो, आणि आमच्या बहुतेक भेटी तिथेच होतात.

गणपतीला आम्ही फ्लशिंगला जातो. बाउन स्ट्रीटवरील गणेश मंदिराची प्रतिष्ठापना १९७७ मध्ये झाली. पूजा दाक्षिणात्य पद्धतीची आणि तळघरातल्या उपाहारगृहातला डोसा उत्तम. ज्यांचे नाव या रस्त्याला आहे ते जॉन बाउन १६६२ मध्ये आपल्या घरी क्वेकर या ख्रिस्ती पंथीयांची, तेव्हा बंदी असलेली, प्रार्थना होऊ दिली म्हणून अटकेत गेले होते, आणि त्याआधी १६५७ मध्ये फ्लशिंगच्या रहिवाशांनी क्वेकरांच्या बाजूने तेव्हाच्या डच वसाहतीचे गव्हर्नर स्टाइव्हसंट यांना लेखी विनंती केली होती, जरी सही करणाऱ्यांपैकी कोणी स्वतः क्वेकर नव्हते.

आता घर विकत घ्यावे का, असा विषय आमच्या घरात निघतो. बागांभोवतीच्या जुन्या इमारती बहुतेक को-ऑप आहेत. तिथे घर नव्हे, तर संस्थेचे शेअर विकत घ्यायचे असतात, आणि संचालक मंडळ आधी करपत्रे, बँकेची कागदपत्रे आणि ओळखीच्यांची पत्रे मागवून मग मुलाखतीला बोलावते. नकार दिल्यास कारण सांगण्याची प्रथा नाही. भेदभाव कायद्याने बंद असला, तरी या बंद दाराआडच्या निवडीचा मला थोडा संशयच वाटतो, विशेषतः त्या इमारतींचा इतिहास वाचल्यापासून. काकांच्या मुलाने गेल्या वर्षी ही मुलाखत दिली आणि त्याला घर मिळाले, तेव्हा तो संशय काहीसा कमी झाला आहे. आमची बचत मात्र अजून तेवढी नाही, म्हणून या खेपेस आलेल्या भाडेकराराच्या नूतनीकरणाच्या अर्जावर आम्ही दोन वर्षांच्या पर्यायावर खूण करून तो मालकाकडे पाठवला.