डेलरिनचा साचा आणि कोनाची नवी कडा

सुंतेत गेलेली अग्रत्वचा, म्हणजे शिश्नाच्या टोकावरची कातडी, हलक्या ताणाने परत वाढवायचं साधन (टगर) मी बनवतो. त्यासाठी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून डेलरिनचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, साचा आला. फिनिश आरशासारखं आहे. रेझिन प्रिंटरवरच्या साच्यांना आता कायमचा रामराम: त्यातलं उरलंसुरलं रसायन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने आळणाऱ्या सिलिकॉनला पक्कं होऊ देत नाही आणि ओतलेला तुकडा वरून चिकट राहतो. नेमकी तीच बाजू कातडीला लागणार. टिन-क्युअर, म्हणजे कथिलाच्या उत्प्रेरकाने आळणारं सिलिकॉन, स्वस्त पडतं, पण अंगावर तासन्‌तास राहणाऱ्या वस्तूसाठी मी ते घेणार नाही.

रचना आपल्या नेहमीच्या टगरचीच. आतल्या बोंडावर (शिश्नाच्या टोकावर बसणाऱ्या घुमटासारख्या तुकड्यावर) कातडी ओढून घ्यायची, वरून सिलिकॉनचा कोन चढवायचा. दोन्हींच्या मध्ये कातडी धरली जाते आणि इलॅस्टिकचा पट्टा ताण देतो. बदललीय ती कोनाची कडा. आधी ती दोन मिलिमीटर जाड होती आणि काढल्यावर लाल वळ राहायचा. आता एक मिलिमीटर ठेवून तोंड किंचित बाहेर वळवलंय. पकड तितकीच आहे, वळ जवळजवळ उमटतच नाही. मला तर ताणापेक्षा ही कडाच महत्त्वाची वाटते, कारण जे टोचत नाही तेच माणूस रोज घालतो.

वडोदऱ्याच्या मे महिन्यात सिलिकॉनचं दोन भागांचं मिश्रण भांड्यातच आळायला लागतं. दोन्ही भाग फ्रीजमध्ये ठेवून पहाटे ओततोय. बुडबुडे वर यायला तेवढाच वेळ मिळतो.

नव्याने आलेल्यांसाठी: कातडी खेचून सैल करायची नसते, ती वाढवायची असते. हलका ताण बराच काळ राहिला की पेशींचं विभाजन वाढतं. १९५७ साली न्यूमन या सर्जनने कानाच्या दुरुस्तीसाठी कातडीखाली फुगा हळूहळू फुगवून जास्तीची कातडी मिळवली होती, ती याच तत्त्वावर. त्यामुळे वर्षांचा हिशेब धरा. रंग बदलला, गार पडलं, बधिर वाटलं, की लगेच काढा. झोपताना घट्ट काही नको.

फायमोसिस (टोकावरची कातडी मागे न सरकणं) म्हणून लहानपणी माझी सुंता झाली, मला कळण्याआधीच. फ्रेन्युलम (टोकाखालची कातडीची दोरी) आणि अग्रत्वचेतले खास मज्जातंतू परत येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण झाकण परत येतं, कपड्यांचं घासणं थांबतं, आणि हे मी माझ्या हातांनी करतोय याचं मला फार मोल वाटतं.

पुढचं काम सीआय-२च्या (कातडीने टोक किती झाकलंय याच्या मोजपट्टीवरची खालची पायरी) आसपास असलेल्यांसाठी. त्यांच्याकडे धरायला कातडीच कमी, म्हणून बोंड बुटकं आणि कोन उथळ हवा. ड्रॉइंग अर्धं झालंय. कुणी टेप लावून ताण देणं सोडून थेट टगरवर आलं असेल तर बोंडाची उंची नक्की कळवा.