आजीचा हात, कडीवरचा

आजच्या नाचाच्या तालमीत कामाला एकच हालचाल होती: रात्री दाराची कडी लावून पुन्हा दोनदा चाचपणारा आजीचा हात. ती कशाला घाबरायची, हे घरात कुणी बोललं नाही. सवय मात्र नातवंडांच्या मनगटात उतरली. जनुकांतून की नुसतं बघून, हा वाद तालमीत सुटत नाही, सोडवूही नये.

आधी हालचाल जशीच्या तशी, वीसेक वेळा. मग तीच २ मिनिटं ताणायची, इतकी संथ की बोटं कडीला टेकण्याआधीच खांदा वर चढलेला जाणवतो. खरा ऐवज तिथे असतो, बोटांत नाही. मग हात सोडून द्यायचा आणि ‘चाचपणं’ कोपराला, बरगड्यांना, टाचेला द्यायचं.

बहुतेकांचं इथेच बिघडतं. चेहरा रडवेला होतो, हात कथा सांगू लागतात आणि नाचाचा मूकाभिनय होतो. उपाय साधा: नजर एका बिंदूवर, जबडा सैल, पुन्हा मनगटापासून सुरुवात. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउश नर्तकांना प्रश्न विचारायची ते उगाच नाही. ‘दुःख दाखव’ म्हटलं की अभिनयच मिळतो, ‘आजी दार कसं लावायची?’ म्हटलं की शरीर उत्तर देतं.

श्वास अडकला, बोटांना मुंग्या आल्या तर थांबायचं. डोळे उघडे, तळवे जमिनीवर, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं. बघणाऱ्यानं फक्त दिसलं तेवढंच सांगायचं: ‘डावा खांदा तीनदा चढला.’ अर्थ लावायचा नाही.