वात जरा खाली घे

परवा स्कूटरचा स्टँड तुटला म्हणून अक्कलकोट रोडला एका गॅस वेल्डिंगवाल्याकडे बसलो होतो. त्यानं आधी नुसता अ‍ॅसिटिलीन हा जळाऊ वायू सोडून पेटवला. पिवळीधमक ज्योत भडकली आणि हवेत काळे धागे तरंगायला लागले. "लांब सरका की ओ, शर्टाचं वाटोळं होईल," तो म्हणाला. मग ऑक्सिजनची चावी फिरवली. ज्योत निळी, टोकदार झाली नि धागे गायब. एक मात्र माझ्या बाहीवर बसला होताच. बोटानं पुसायला गेलो तर लांबच लांब पसरला.

आज्जीची चिमणी आठवली. सोलापुरात आता चिमणी म्हटलं की 2023 साली विमानतळासाठी पाडलेली साखर कारखान्याची चिमणी आठवते. आमची चिमणी पत्र्याची, बिनकाचेची, रॉकेलची. कोनाड्यात असायची आणि वर भिंतीवर तिचा काळा पट्टा. वीज गेली की तिच्याभोवती आमचा अभ्यास. आज्जी आतून ओरडायची, "वात जरा खाली घे, काजळी धरतीय!"

काजळी म्हणजे जळून उरलेलं काहीतरी, राखेची चुलत बहीण, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. पण ती ज्योतीतच नव्यानं तयार होते. ज्योतीच्या पोटात उष्णता भरपूर, ऑक्सिजन मात्र पोचत नाही. तिथं रॉकेलच्या वाफेचे रेणू तुटतात आणि त्या तुकड्यांतून बनतो अ‍ॅसिटिलीन, म्हणजे वेल्डरच्या टाकीतलाच. त्यातून सहा कार्बनची कडी जुळते. कडीला कडी लागून फरशी घालावी तसे पापुद्रे होतात, पापुद्रे एकमेकांना चिकटून एखाद-दोन नॅनोमीटरचा कण जन्माला येतो. पुढं त्याच्यावर अ‍ॅसिटिलीनची पुटं चढत राहतात, कण एकमेकांवर आदळून एक होतात. वाढून वाढून तीसेक नॅनोमीटरचे झाले की मण्यांसारखे ओळीनं चिकटतात. असे दोन हजार कण शेजारी मांडले तर कुठं केसाची जाडी भरेल. आणि हे सगळं पापणी लवायच्या आत!

गंमत म्हणजे ज्योतीचा पिवळा उजेड याच तापलेल्या कणांचा. वरच्या टोकाला ऑक्सिजन भेटला की ते जळून जातात. वात मोठी असली की कण होतात फार, सगळे जळायच्या आत ज्योत निवते, आणि उरलेले आमच्या भिंतीवर. वेल्डरची निळी ज्योत धातू वितळवते खरी, पण तिच्या उजेडात पाढे काही पाठ झाले नसते.

काजळीवर एवढी ओरडणारी आज्जी घरात बाळ आलं की एरंडेलाचा दिवा लावून त्यावर मुद्दाम तांब्याचं ताम्हण पालथं घालायची. थंड ताम्हणावर कण जळायच्या आतच धरले जायचे. त्यात बोटभर तूप, की झालं काजळ. तेव्हा मात्र वात चांगली वर.

शर्ट तीनदा धुतला. बाहीवरची रेघ अजून आहे.