जाळीत कोंडलेली माशी

मोर्शी तालुक्यात आमचं वावर. गेल्या पावसाळ्यात 10 गुंठ्यांवर बारीक जाळी ताणून आत कारली लावली आणि शेजारच्या 10 गुंठ्यांत तीच कारली उघड्या मांडवावर. दोन्हीकडे क्यू ल्यूरचे, म्हणजे वेलावरच्या फळमाशीच्या नरांना वासानं ओढणारे, सापळे टांगले. (संत्र्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलावरच्या माशीला भुलवत नाही. एक हंगाम घालवल्यावर हे मला कळलं.)

दर रविवारी माशा मोजायच्या. सुरुवातीला बाहेर वीस-तीस सापडत, आत एकही नाही. मी गावभर सांगत फिरलो. पण आतली मादी फुलं यायची, मागचं बोटभर कारलं पिवळं पडायचं आणि गळायचं. मधमाशीच आत येत नाही, तर फळ धरणार कसं? म्हणून रोज सकाळी दोन तास बाजूची जाळी वर गुंडाळू लागलो. मधमाश्या आल्या, फळं धरली, आणि त्यांच्यामागून फळमाशीही आली.

आतल्या सापळ्यात आधी 7, मग 19. त्यातही हे सगळे नर. कारल्याला डंख मारून अंडी घालणारी मादी या हिशेबात येतच नाही. डंख बसलेलं कारलं वाकडं होतं, अवेळी पिकतं, चिरलं की आत अळ्या वळवळतात.

जाळी पुन्हा बंद केली. सकाळी सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला हातानं लावायचं, कंबर मोडायची. तरी माशी हटेना. शेवटी आई म्हणाली, "अरे, जाळी माशीले अंदर येऊ देत नाही, तशी बाहीरही जाऊ देत नाही ना!" तिनं वेलाखालची माती खुरप्यानं उकरली. गव्हाच्या दाण्याएवढे तांबूस कोष निघाले. गळलेली फळं मी आतच पडू दिली होती. अळी त्यातून मातीत उतरते आणि आठ-दहा दिवसांत माशी होऊन वर येते.

मग रोज गळफळं वेचून पिशवीत कोंबली, तोंड घट्ट बांधलं, वेलाखालची माती उकरत राहिलो. तीनेक आठवड्यांत आतला सापळा रिकामा राहू लागला. बाहेर तेवढीच मेहनत केली, पण माशी कमी झाली, संपली नाही. पलीकडे शेजाऱ्याचा दोडका, आणि त्याची किडकी दोडकी आमच्याच धुऱ्यावर येऊन पडायची.

यंदा जाळीत मधमाशीविना धरणारी काकडी लावली आहे. आणि युरियाचं एक रिकामं पोतं धुऱ्यावरच्या बाभळीला बांधून शेजाऱ्याला सांगून आलो, "भाऊ, किडकं फळ याच्यात टाकत जा."