लडाख : हातात दिवस किती, त्यावरून बेत

लडाखचा बेत आखताना मी नकाशा नंतर उघडला, आधी रजा मोजली. आठवड्याची रजा अधिक दोन्हीकडचे शनिवार-रविवार, म्हणजे नऊ दिवस. लेहची विमानं बहुतेक सकाळची असतात, दुपारी तिथे वारा सुटतो. त्यामुळे मुंबईहून शनिवारी दिल्ली गाठायची, रविवारी सकाळी लेह, आणि पुढच्या रविवारी सकाळी परत. लेहच्या बाजूला हातात राहिले सात दिवस.

त्यातले पहिले दोन विरळ हवेचे. यात काटकसर चालत नाही. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे. दिल्लीहून विमान दीड तासाच्या आत पोचतं, शरीराला मात्र त्या हवेशी जुळवून घ्यायला दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी हॉटेलचा एक जिना चढलात तरी धाप लागते. त्या दिवशी खोलीतच आराम, भरपूर पाणी, सूप, दारू-सिगारेट बंद. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही, हे निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारावं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगावं. सोमवारी लेहचा बाजार आणि शांती स्तूप, तोही गाडीनं.

मंगळवारी निम्मूजवळचा सिंधू-झंस्कार संगम आणि आलचीचा जुना बौद्ध मठ. हा पट्टा लेहपेक्षा थोडा खालचा, म्हणून मुद्दाम आधी. बुधवारी खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा खोरं, सव्वाशे किलोमीटर, पाच तास. खिंड साडेसतरा हजार फुटांवर. फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत खाली उतरायचं. मुक्काम हुंडरला, जेमतेम दहा हजार फुटांवर, म्हणून रात्री झोप चांगली लागते. गुरुवारी श्योक नदीच्या काठानं पँगाँग सरोवर. इथे सहालाच निघावं. सकाळी रस्त्यावरून वाहणारं ओढ्याचं पाणी टायर भिजवण्यापुरतं असतं. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो, आणि दुपारी त्याच जागी गाड्यांची रांग अडकून पडते. पँगाँग चौदा हजार फुटांवर, तिथे एकच रात्र. शुक्रवारी चांग लामार्गे लेह.

शनिवार राखीव. हवेमुळे विमान किंवा खिंड बंद झाली तर हाच दिवस कामी येतो. नुब्रात दुसरी रात्र काढायचा मोह होतो, पण ती या राखीव दिवसातूनच जाते. म्हणून मी ती गाळली.

लेहमध्ये पाचच दिवस मिळत असतील तर पँगाँग सोडा. तिसऱ्या-चौथ्या रात्री चौदा हजारांवर झोपणं म्हणजे डोकेदुखी आणि उलट्यांना आमंत्रण. आलची आणि नुब्रा निवांत पाहावं.

बारा-चौदा दिवस असतील तर जून ते सप्टेंबरात श्रीनगरहून रस्त्यानं चढावं : सव्वाचारशे किलोमीटर, मधे कारगिलला मुक्काम, तेही नऊ हजार फुटांच्या आत. उंची हळूहळू वाढते. मनालीकडून चढताना सरचूचा मुक्काम एकदम चौदा हजारांवर येतो. तो रस्ता परतीला ठेवावा. वाढलेल्या दिवसांत त्सो मोरीरी सरोवर आणि हानले गाव बसवावं.

टॅक्सीचे दर लेहची युनियन ठरवते, तेही फेरीनुसार, म्हणून मुक्काम पक्के झाल्यावरच गाडीचा हिशेब करावा. लडाखबाहेरून आणलेली टॅक्सी किंवा भाड्याची बाईक तिथल्या फिरण्याला चालत नाही. आणि घरून निघण्याआधी निदान एक पोस्टपेड सिम घ्या. बाहेरचं प्रीपेड लेहमध्ये लागत नाही.