तुम्ही विचारलंत म्हणून: म्हातारी पेशी तरुण होते, मग माणूस का नाही?

जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लोक एरवी आजारांबद्दल विचारतात. गेल्या काही वर्षांत मात्र मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे: "म्हातारपण उलटवता येतं असं शास्त्रज्ञ म्हणतात, खरं आहे का हो?" विचारणारे तिशीतले असतात आणि सत्तरीतलेही. त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतोच: "मग घ्यायचं काय?" तुम्ही दोन्ही विचारलेत, म्हणून एकदा नीट लिहिते.

पेशीचं म्हातारपण उलटवता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. माणसाचं म्हातारपण अजून कोणीही उलटवलेलं नाही. बातम्यांमध्ये ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळून जातात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

पहिल्या वाक्याचा पुरावा आपण सगळेच आहोत. आईच्या शरीरातली बीजांडं ती स्वतः जन्माला येण्याआधीच तयार झालेली असतात. म्हणजे पस्तीसाव्या वर्षी मूल झालं तर ते पस्तीस वर्षांहून जुन्या पेशीतून झालं. तरीही बाळाचं वय शून्यापासून सुरू होतं. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत कुठेतरी हे जुनेपण पुसलं जातं. निसर्गाला ते जमतं, तर ती सोय पेशीत कुठेतरी असणारच.

ती सापडायला वेळ लागला. 1962 साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक काढून ते, स्वतःचं केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातलं आणि त्यातून नवे जीव वाढले. आतड्याची पेशी होऊन बसलेल्या केंद्रकात अख्खा बेडूक घडवण्याची माहिती शाबूत होती. पुढे 2006 साली जपानमध्ये शिन्या यामानाका यांनी दाखवलं की त्यासाठी अंडंही लागत नाही. चोवीस जनुकांच्या यादीतून गाळत गाळत ते चार जनुकांवर आले: ऑक्ट-4, सॉक्स-2, केएलएफ-4 आणि सी-मिक. ही चार उंदराच्या त्वचेच्या पेशीत चालू केली, की ती काही आठवड्यांत मागे मागे जात मूळपेशी होते, म्हणजे जिच्यातून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते अशी पेशी. पुढच्याच वर्षी हे माणसाच्या पेशींवरही जमलं. 2012 चं नोबेल या दोघांना विभागून मिळालं. 2011 मध्ये एका फ्रेंच गटाने शंभरीतल्या व्यक्तींच्या पेशीही अशाच मागे नेल्या. त्यांच्यावरच्या वयाच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. माझ्या मते जीवशास्त्रातल्या गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या सगळ्यात थक्क करणाऱ्या शोधांपैकी हा एक आहे, आणि वर्गात तो सांगताना मला आजही तितकाच आनंद होतो.

मग अडलं कुठे? यामानाकांची चार जनुकं पेशीचं वय पुसतात, पण त्याबरोबर तिची ओळखही पुसतात. यकृताची पेशी मूळपेशी झाली, की ती यकृताचं काम करत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत हे चालतं. जिवंत प्राण्यात हा प्रयोग 2013 साली स्पेनमध्ये झाला, आणि त्या उंदरांच्या अंगात टेराटोमा नावाच्या गाठी वाढल्या. जिथे जे नको ते तिथे उगवणाऱ्या गाठी. पूर्ण मागे गेलेली पेशी प्रौढ शरीरात धोक्याचीच असते.

म्हणून कल्पना निघाली ती अर्ध्या वाटेवर थांबण्याची. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत 2016 साली अकाली वार्धक्य आणणारा जनुकीय दोष असलेल्या उंदरांमध्ये ही चार जनुकं दोन दिवस चालू, पाच दिवस बंद, अशी आळीपाळीने चालवली. गाठी झाल्या नाहीत आणि ते उंदीर सुमारे एक तृतीयांश जास्त जगले. 2020 मध्ये हार्वर्डमधल्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या प्रयोगशाळेने चारांतलं सी-मिक वगळलं, कारण कर्करोगाशी त्याचं नातं जुनं आहे. उरलेली तीन जनुकं उंदरांच्या डोळ्यात पोचवली. काचबिंदूसारखी स्थिती आणलेल्या उंदरांची आणि वयोमानाने नजर मंदावलेल्या उंदरांचीही दृष्टी काही प्रमाणात परत आली. चिरडलेल्या दृष्टितंतूंना नवे धागे फुटले. प्रौढ सस्तन प्राण्यात असं सहसा होत नाही, म्हणून मी हा शोधनिबंध पुन्हा पुन्हा वाचला.

आता वय पुसलं म्हणजे नेमकं काय पुसलं, हे पाहायला हवं. डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात, आणि कोणतं जनुक बोलेल, कोणतं गप्प बसेल, हे ठरवण्यात त्यांचा मोठा हात असतो. वयाबरोबर त्यांची मांडणी बदलत जाते, आणि बरीचशी ठरावीक पद्धतीने. 2013 साली स्टीव्ह हॉरवाथ यांनी अशा 353 जागा पाहून माणसाचं वय काही वर्षांच्या फरकाने सांगणारं गणित बसवलं. यालाच लोक जैविक घड्याळ म्हणतात. अर्धवट मागे नेलेल्या पेशींत हे घड्याळ खरोखर मागे सरकतं.

पण घड्याळाचा आकडा आणि म्हातारपण एक नव्हे. तापमापकाचा पारा झटकून खाली आणला म्हणून ताप उतरत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मांडीचं हाड मोडून तातडीची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांचं जैविक वय शस्त्रक्रियेनंतर लगेच वाढलं आणि आठवड्याच्या आत जागेवर आलं. म्हणजे नुसत्या ताणामुळेही आकडा वरखाली होतो. तेव्हा कोणी "आमच्या गोळ्यांनी तुमचं वय तीन वर्षांनी कमी झालं" असा अहवाल हातात ठेवला, तर आधी विचारा: कोणाशी तुलना केली? 2019 साली वृद्धिसंप्रेरक आणि आणखी दोन औषधं देऊन जैविक वय मागे गेल्याची बातमी जगभर गाजली. त्या प्रयोगात नऊ पुरुष होते, आणि औषध न दिलेला तुलनेचा गट नव्हता.

आणि सगळं म्हातारपण पेशींच्या आतल्या सूचनांमध्ये नसतंच. या मुद्द्याकडे लोकांचं लक्ष जात नाही, म्हणून जरा थांबून सांगते. तुमच्या डोळ्यातल्या भिंगाच्या अगदी मध्यभागी जी प्रथिनं आहेत ती तुमच्या जन्माआधी तयार झाली. ती बदलली जात नाहीत. आयुष्यभर ऊन सोसून ती गढूळ होतात. ज्या पेशींत ती आहेत त्यांना केंद्रकच उरलेलं नसतं, मग सूचना बदलायच्या त्या कुठे? धमन्यांच्या भिंतीला ताणलं जाण्याची आणि सैल होण्याची क्षमता देणारं इलास्टिन हे प्रथिन मुख्यतः बालपणात बनतं आणि नंतर फारसं बनत नाही. पन्नास-साठ वर्षं दर ठोक्याला ताणलं गेल्यावर ते तुटत जातं, धमन्या ताठर होतात आणि रक्तदाब चढतो. डीएनएमध्ये जमा झालेली खरी उत्परिवर्तनं, म्हणजे त्याच्या मूळ मजकुरातलेच बदल, मिथाइल गट बदलून दुरुस्त होत नाहीत. मेंदूतली गेलेली पेशी तर परत येत नाहीच, आणि तिच्या जागी कोरी करकरीत पेशी आणून बसवली, तरी जुन्या पेशीच्या जोडण्यांमध्ये जी आठवण होती ती नव्या पेशीत असणार नाही. पेशी तरुण झाली म्हणजे तिच्याभोवतीचं शरीर आपोआप तरुण होईल, हे गृहीतक म्हणून मला पटत नाही.

दुसऱ्या वाटाही शोधल्या जात आहेत. 1961 साली लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं की माणसाच्या सामान्य पेशी साधारण पन्नास वेळा दुपटल्या की थांबतात. अशा थांबलेल्या पेशी मरत नाहीत, आसपास दाह पसरवत राहतात. त्या काढून टाकल्यावर उंदरांची तब्येत सुधारते आणि आयुष्यही वाढतं, हे मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2011 आणि 2016 मध्ये दाखवलं. माणसाच्या गुडघेदुखीवर याच तत्त्वाचं एक औषध 2020 मध्ये चाचणीत अपयशी ठरलं. शिवाय जखम भरायलाही याच पेशींची मदत होते, त्यामुळे त्यांना सरसकट हाकलणं कितपत बरं, हा प्रश्न उरतोच.

रक्ताची वाट विलक्षण आहे. म्हाताऱ्या आणि तरुण उंदराचं रक्ताभिसरण जोडलं, तर म्हाताऱ्याचे स्नायू आणि यकृत जास्त चांगले भरून येतात, हे 2005 मध्ये स्टॅनफर्डमध्ये दिसलं. ययातीला पुरूचं तारुण्य मिळालं त्याची ही आठवण करून देणारी गोष्ट, आणि कथेतली दुसरी बाजूही इथे खरी ठरली: 2011 मध्ये दिसलं की म्हाताऱ्या उंदराच्या रक्ताने तरुण उंदराच्या मेंदूत नव्या पेशी तयार होणं मंदावतं. मग 2020 मध्ये म्हाताऱ्या उंदरांचा निम्मा रक्तद्रव (प्लाझ्मा) काढून त्याजागी मीठपाणी आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं एक प्रथिन घातलं, तरी बराचसा तोच फायदा दिसला. म्हणजे तरुण रक्तात अमृत असण्यापेक्षा जुन्या रक्तात काहीतरी साचलेलं असावं. तरुणांचा रक्तद्रव विकत देणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2019 मध्ये दिला आहे. तो योग्यच होता.

उलटवणं सोडून फक्त संथ करण्याबद्दल विचाराल, तर सगळ्यात भक्कम पुरावा रॅपामायसिनचा आहे. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत ते सापडलं. त्यावर संशोधन करणाऱ्या औषध कंपनीने काम थांबवल्यावर तिथले शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला, म्हणून हे औषध आज आपल्याजवळ आहे. 2009 साली तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकाच वेळी, 600 दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबाने साठीच्या आसपासच्या उंदरांना ते सुरू केलं. दीर्घायुषी उंदरांच्या वयाची मर्यादा माद्यांमध्ये 14 आणि नरांमध्ये 9 टक्क्यांनी वाढली. तीन ठिकाणी एकच निकाल येणं या क्षेत्रात दुर्मीळ आहे. पण हेच औषध अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात. निरोगी माणसाने आयुष्य वाढेल म्हणून ते स्वतःच्या मनाने घेऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

तर मग घ्यायचं काय? माणसाचं म्हातारपण मागे नेतं असं सिद्ध झालेली एकही गोळी, पूड किंवा इंजेक्शन आज नाही. लाल द्राक्षांच्या सालीत सापडणाऱ्या रेझव्हेराट्रॉल या रसायनाच्या आशेवर 2008 मध्ये एका बड्या औषध कंपनीने 72 कोटी डॉलर देऊन अख्खी कंपनी विकत घेतली आणि 2013 मध्ये तिचं कामकाज गुंडाळलं. अशा गोष्टींत बुडतो तो फक्त गुंतवणूकदारांचा पैसा नव्हे. घाबरलेल्या, थकलेल्या माणसांचा पैसाही त्यात जातो, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

माणसात खरोखर मागे गेलेलं काही दाखवायचं तर मी स्नायूंकडे बोट दाखवीन. 1990 साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. 2007 च्या एका अभ्यासात, सहा महिने असा व्यायाम केलेल्या ज्येष्ठांच्या स्नायूंतल्या वयाने बदललेल्या अनेक जनुकांचं वर्तन तरुणांच्या दिशेने सरकलेलं दिसलं. हे ऐकून बरेच जण हिरमुसतात, कारण त्यांना काहीतरी नवं हवं असतं. पण पंचाहत्तरीच्या माणसाला खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येणं, ही मला कुठल्याही घड्याळाच्या आकड्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

"म्हातारपण नैसर्गिक आहे, त्यात ढवळाढवळ कशाला?" असंही विचारतात. बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी 1825 मध्ये मांडलं की प्रौढपणी मृत्यूचा धोका वयाबरोबर पटीपटीने वाढतो. माणसात तो साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. म्हणून एक कर्करोग पूर्ण बरा झाला तरी सरासरी आयुष्यात थोडीच वर्षं वाढतात, कारण हृदयविकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश मागे रांगेत उभेच असतात. या सगळ्यांची सामाईक मुळं वयात आहेत. तिथे काम करणं म्हणजे अमरत्वाचा हट्ट आहे असं मला वाटत नाही. शेवटची दहा-बारा वर्षं अंथरुणात न जाता माणसांत जावीत, एवढी मागणी अगदी रास्त आहे.

आपल्या हयातीत होईल का, हेही विचारलंत. अख्ख्या शरीराबद्दल मी तसं वचन देणार नाही. मी "हो" म्हणण्याआधी मला हे पाहायचं आहे: अकाली म्हातारपणाचा दोष नसलेल्या, साध्या म्हाताऱ्या प्राण्यांवर वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तोच निकाल यावा. घड्याळाबरोबर चाल, नजर, स्मृती, मूत्रपिंडाचं काम सुधारावं. आणि उपचारानंतर पुढची अनेक वर्षं गाठी होतात का, यावर लक्ष ठेवलेलं असावं. एकेका अवयवाबद्दल मात्र मला खरी आशा आहे, आणि सुरुवात डोळ्यापासून व्हावी हे मला शहाणपणाचं वाटतं. डोळा बंदिस्त आहे, तिथे दिलेली जनुकं शरीरभर फारशी पसरत नाहीत. एका डोळ्यावर उपचार करून त्याच माणसाच्या दुसऱ्या डोळ्याशी तुलना करता येते. आणि नजर सुधारली की नाही हे तपासायला जैविक घड्याळ लागत नाही, तक्त्यावरची कोणती ओळ वाचता येते ते रुग्ण स्वतःच सांगतो.