छऱ्याची बंदूक, तात्यांची बाराबोर अन् एक रिकामा कट्टा

आमच्या भागात नेम धरायचं वेड लागतं ते माळेगावच्या जत्रेत. खंडोबाचं दर्शन, घोड्यांचा बाजार, गोडीशेव, अन् मग फुग्यांचा फळा. लाल-हिरवे फुगे ओळीनं लावलेले, पुढं बाकडं, अन् बाकड्यावर ती छऱ्याची बंदूक जिची पुढची साईट, म्हणजे नेम धरायचं टोक, कुणीतरी कधीच ठोकून वाकडी केलेली. उजवीकडच्या फुग्यावर नेम धरला की डावीकडचा फुटायचा, तरी आपण कॉलर ताठ करून म्हणायचं की मी तोच धरला होता.

मग ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मेडल घेतलं अन् आठवडाभर आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळेच नेमबाज झाले, बाकीचे नंतर निवले, माझं डोकं मात्र खरंच फिरलं. कुसाळेची इव्हेंट ५० मीटर थ्री पोझिशनची, म्हणजे गुडघ्यावर, पालथं अन् उभं राहून मारायची, तिची रायफल पॉइंट टू टू इंचाची, खऱ्या गोळीची, लायसनवाली. हे मला संभाजीनगरला एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा सोडणारी बंदूक, घ्यायला दुकानात उभं राहिल्यावर कळलं, म्हणजे बघा किती अभ्यास करून निघालो होतो.

लायसनचं पहिलं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं एअर रायफल ४.५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंचाची, अन् ताकद २० जूलच्या आत असली तर लायसन लागत नाही. नळी ५.५ ची घेतली किंवा ताकद त्याच्या वर गेली की लागतं. दुकानदारानं आधारची झेरॉक्स घेतली, रजिस्टरवर सही घेतली, पावती दिली. पावती जपून ठेवा, गाडीत लांबडी पेटी दिसली की नाक्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

आता माझी चूक. मी पॉवर बघून घेतली. डब्यावर मोठ्या अक्षरात १००० फूट पर सेकंद लिहिलेलं, दुकानात तिथंच भुललो, अन् वरून एक चमकदार स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसवून घेतला. घरी येऊन हिशोब केला तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटरनं गेला तरी १९.६ जूल होतात, म्हणजे लिमिट तिथंच आली, अन् १००० फूट म्हणजे ३०५ मीटर, तो आकडा पिसासारख्या हलक्या छऱ्यावरच निघतो. अन् ऑलिम्पिकमधली १० मीटरची मॅच रायफल तोच छर्रा १७५ मीटरच्या आसपास सोडते, साडेसात जूल फक्त! कागदाला भोक पाडायला लागतंच किती?

जास्त पॉवरची स्प्रिंगवाली म्हणजे जास्त झटका, अन् हा झटका लई विचित्र असतो. नळी खाली मोडून आपण स्प्रिंग ताणतो, चाप ओढला की आतला पिस्टन जोरात पुढं धावतो, तेव्हा रायफल आधी मागं सरकते, अन् पिस्टन टोकाला आपटला की पुढं झटका देते, अन् हे सगळं छर्रा अजून नळीतच असताना. म्हणून साधा स्कोप ह्या दुहेरी हिसक्यात टिकत नाही. माझा दोनशे छऱ्यांत ढिला झाला अन् महिनाभरात आतली रेघच तिरपी झाली. त्यात तो लांबच्या टप्प्याचा होता, १० मीटरवर सगळं धूसर. एअरगनसाठी वेगळा स्कोप मिळतो, जवळचा फोकस होणारा, किंवा सरळ उघड्या साईटवर शिका, मी आता तेच करतो.

पहिले दोन महिने मी रायफल बैलाचा कासरा धरल्यासारखी आवळून धरायचो. पाच छर्रे पाच गावाला. मला वाटायचं रायफलच खराब आहे, रोज साईट फिरवायचो, आज दोन क्लिक वर, उद्या तीन क्लिक डावीकडं. मग एका जुन्या नेमबाजानं बघितलं अन् म्हणाला, "धरूच नका, नुसती तळहातावर ठेवा." म्हणजे डावा तळवा उघडा, रायफल त्यावर नुसती टेकलेली, खांद्याला जेमतेम लागलेली, तिला पाहिजे तशी उडू द्यायची. झटका प्रत्येक वेळी सारखा झाला की छर्राही सारखाच जातो, आवळलं की प्रत्येक वेळी वेगळं आवळलं जातं, इतकं सोपं गणित. त्या दिवशी पहिल्यांदा पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्यात बसले अन् मी कागद फ्रिजवर चिकटवला, बायकोनं दुसऱ्या दिवशी त्यावर दुधाचा हिशोब लिहिला.

नाणं म्हणजे लई भारी वाटलं होतं, पण खऱ्या १० मीटरच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. टाचणीनं टोचल्यासारखा. त्यावर ६० शॉट, अन् एकेक शॉट १०.९ पर्यंत दशांशात मोजतात. अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगमध्ये ह्याच इव्हेंटमध्ये गोल्ड घेतलं होतं, तेव्हा मी टीव्हीवर बघून म्हणालो होतो, नुसतं उभं राहून तर मारायचंय. आता माझी उभं राहून मारलेली टार्गेटची कार्डं मी कुणाला दाखवत नाही.

रेंज म्हणजे आमच्या वाड्याची ओसरी ते मागची भिंत, तिरपं मोजलं तर बरोबर दहा मीटर भरतं. भिंत दगडाची, तिच्यावर सरळ मारलं की छर्रा परत येतो, एकदा माझ्याच चपलेजवळ येऊन पडला, तेव्हापासून चष्मा घातल्याशिवाय नेम धरत नाही. मागं काहीतरी मऊ पाहिजे म्हणून आडतीवरच्या मित्राला फोन लावला, भर दुपारी, मोठ्या आवाजात, बसस्टँडवर उभं राहून: "एक कट्टा पाहिजे, रायफल घेतलीय ना, त्यासाठी." शेजारचे दोघं हळूच सरकले. आमच्याकडं कट्टा म्हणजे तुरीचं-सोयाबीनचं पोतं, पण पेपरात रोज गावठी कट्टा जप्त म्हणून येतं त्याला कोण काय करणार. कट्टा आला, त्यात माती भरली, पुढं पुठ्ठा लावला, काम झालं. छर्रे शिशाचे असतात तेव्हा नंतर साबणानं हात धुवायचे अन् त्याच हातानं शेंगा खायच्या नाहीत, हे मायनं मला शिकवलं, मी तिला नाही. "लेकराबाळांच्या घरात बंदूक कशाला आणलास" हे ती अजून म्हणते, अन् तिचं बरोबर आहे, रायफल कुलपात अन् छर्रे दुसऱ्या कुलपात असतात.

छऱ्यांचं थोडक्यात. कागदावर चपट्या तोंडाचे घ्या, गोल स्वच्छ भोक पडतं. टोकदार दिसायला भारी, नेमाला बेकार. दोन-तीन प्रकार आणून बघायचे, आपल्या नळीला जो मानवतो तोच धरून ठेवायचा. अन् तेल! मी उत्साहात नळीच्या मागून चांगलं चमचाभर सोडलं, पहिल्याच शॉटला धडाम आवाज अन् धूर, आतलं तेल दाबानं पेटतं. शेजारचे विचारायला आले.

गावात मात्र रायफल दिसली की एकच प्रश्न. "ह्यानं डुक्कर मरंल का?" नाही मरणार. जखमी होऊन पळंल, अन् वरून १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, रानडुकराला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पोरांना चिमण्या-पारवे दिसतात, त्यांनाही हेच सांगतो, पाखरावर धरलीस तर माझ्या ओसरीवर पाय ठेवू नकोस.

डुकरांसाठी आमच्या तात्यांकडं, म्हणजे धाकल्या चुलत्यांकडं, बाराबोर आहे, दुनळी, पीक राखायच्या लायसनवर. तेही फक्त हवेत बार काढून हाकलतात. मला वाटायचं एअर रायफल येते म्हणजे बाराबोर पण येईल, मोठी बहीण तर आहे. तात्यांनी मोडून, दोन्ही नळ्या रिकाम्या दाखवून हातात दिली अन् मी डोळा बारीक करून नेम धरला तर हसायलेच. "अरे काय सुईत दोरा ओवायलास का?" बाराबोरनं नेम धरायचा नसतो म्हणे, बोट दाखवल्यासारखं दाखवायचं, दोन्ही डोळे उघडे. गाल दस्त्यावर, म्हणजे मागच्या लाकडावर, बरोबर बसला की तीच मागची साईट. एका पौंड शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर एक गोळी जेवढी, तेवढी नळी, म्हणून बारा बोर, साडेअठरा मिलिमीटर. पुढच्या चापानं उजवी नळी, ती जरा मोकळी, छर्रे लवकर पसरतात. मागच्या चापानं डावी, तिचं तोंड आवळलेलं, लांबपर्यंत गठ्ठ्यानं जातात.

बाराबोरनं हवेत उडवलेल्या ताटल्या फोडायची शूटिंग मी एकदाच बघितली, कामासाठी दिल्लीला गेलो तेव्हा तुघलकाबादच्या कर्णीसिंग रेंजवर. ट्रॅप म्हणतात त्या इव्हेंटची ताटली ११० मिलिमीटरची, १०५ ग्रॅमची, अन् काडतुसात छर्रे फक्त २४ ग्रॅम. ताटली सुटली की बंदूक तिच्या मागून धावते, पुढं निघते, अन् बार झाल्यावरही थांबत नाही. जो थांबला तो चुकला. आम्ही रायफलवाले श्वास धरून दगड होतो, अन् ही माणसं फुगडी घातल्यासारखी कमरेतून फिरत होती. हौस म्हणून मला बाराबोर परवडणारी नाही, लायसन, काडतुसं, अन् रेंज मराठवाड्यात मी तरी बघितली नाही. तात्या मला हौसेसाठी बार काढू देत नाहीत, लायसन त्यासाठी नाही म्हणतात. लग्नातले बार तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जेलचंच काम झालं.

नोव्हेंबर २०२४ ला विधानसभा लागली अन् आचारसंहितेत तात्यांची बंदूक ठाण्यात जमा. पावती खिशात अन् डुकरं तुरीत. रात्री तात्या ओसरीवर बसून नुसते तुरीकडं बघत होते, मी म्हणालो, तात्या, ही मारून बघा, कार्डावर. त्यांनी एअर रायफल बाराबोरसारखी खांद्यात गच्च रोवली, दोन्ही डोळे उघडे ठेवले, झटक्यात फिरवली अन् मारली. कट्टा पण चुकला, छर्रा भिंतीवर टणकन वाजला. "ही काय बंदूक हाय का, नुसता ठसका," म्हणून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत आले. "छर्रे उरलेत का रे दोन-चार?"